प्रश्नचिन्ह गाळलेला ठराव

आईचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत कुड्याच्या सालीचा अर्क गाळत होते. आई फोनवर कधी रडत नाही. तेव्हाही रडली नाही. म्हणाली, "पंचे, तुझ्या बापानं ग्रामपंचायतीत सही केली. आपल्या इहिरीच्या पान्यानं बाया आजारी पडल्या म्हनून. आता इहिरीवर बाभळीच्या काट्या टाकून राहिलेत."

"कोण टाकतंय?"

"सगळेच. काल जे पानी नेऊन राहिले व्हते तेच."

ही गोष्ट मार्च २०१६ मधली. आमचं गाव बाभळदरा, शिरूर अनंतपाळपासून सात किलोमीटरवर. दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. गावातल्या विहिरी दिवाळीलाच कोरड्या पडल्या होत्या, बोअरमधून नुसती हवा यायची, टँकर आठवड्यातून एकदा आला तर आला. पाणी राहिलं होतं ते फक्त बौद्ध वस्तीच्या कडेला असलेल्या आमच्या विहिरीत. सरकारी योजनेतून मिळालेली ती विहीर माझ्या वडिलांनी, केरबांनी, दोन उन्हाळे स्वतः उतरून आणखी खोल केली होती. काळ्या खडकात एक झरा लागला तो आटलाच नाही.

डिसेंबरपासून सगळं गाव तिथं पाण्याला येत होतं. माझ्या आजीनं गावविहिरीच्या कडेला उभं राहून वरून ओतलेलं पाणी घेतलं होतं. तिच्याच मुलाच्या विहिरीवर आता लिंगायतांच्या, मराठ्यांच्या घागरी रांगेत लागल्या होत्या. बाबा त्यावर एक शब्द बोलत नव्हते. पण रोज पहाटे उठून विहिरीच्या पायऱ्या झाडायचे, आणि कुणाची घागर जड झाली तर स्वतः उचलून द्यायचे. तोच माणूस तीन महिन्यांत गावाचा गुन्हेगार झाला.

मी नांदेडला औषधी वनस्पतींवर पीएच.डी. करत होते. किनवटच्या जंगलातल्या झाडांच्या मुळांत आणि सालींत कोणती अल्कलॉइडं आहेत ते ओळखायचं, हा माझा विषय. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीतला कडू, जहाल अंश. बेताचा असला तर औषध, जास्त झाला तर विष. ते ओळखायला आमच्याकडे मास स्पेक्ट्रोमीटर होता. हे यंत्र रेणूंचं वजन करतं, मग रेणू फोडतं आणि तुकड्यांचंही वजन करतं. वजनावरून आणि तुकड्यांवरून कळतं की समोर कोण आहे.

दुसऱ्या दिवशी निर्जंतुक केलेल्या सहा बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी गाव गाठलं.

विहिरीच्या तोंडावर बाभळीच्या काट्यांचा ढीग होता. बाबा ओट्यावर बसले होते. मी "जयभीम बाबा" म्हटलं, त्यांनी मान हलवली. आईनंच सगळं सांगितलं. फेब्रुवारीच्या शेवटी गावातल्या अकरा बायांना एकदम उलट्या-जुलाब सुरू झाले. सगळ्या नुकत्याच बाळंत झालेल्या, नाहीतर दिवस गेलेल्या. सरपंच गुरुबसप्पांच्या पुतण्याची बायको शिवगंगा लातूरच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी गेली. तीन महिन्यांचं लेकरू मागं ठेवून.

"डॉक्टर काय म्हणाले?"

आईनं ठरावाची नक्कल पुढं केली. बाबांच्या सहीखाली सरपंचाचा शिक्का होता. 'डॉक्टरांच्या अहवालानुसार दूषित पाण्यामुळे गॅस्ट्रोची लागण झाली असून सदर पाणी केरबा यांच्या विहिरीतील आहे. विहीर दूषित असल्याची बाब त्यांनी लपवून ठेवली, हे त्यांना मान्य आहे.' ठराव मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून सगळ्या गावाला वाचून दाखवला होता.

"बाबा, तुम्ही काय लपवलं होतं?"

ते म्हणाले, "सरपंच अप्पा म्हनले, सही कर, न्हाईतर बाईच्या मरनाची केस व्हईल. मी म्हनलं, जाऊ द्या. पोरीचं शिक्षन चालू हाय."

म्हणजे सही माझ्यापायी झाली होती. लातूरच्या दवाखान्यात ओळखी काढून शिवगंगाचे कागद मिळवायला मला दोन दिवस लागले. डॉक्टरांनी लिहिलं होतं: 'गॅस्ट्रो. दूषित पाणी?' पुढं स्पष्ट प्रश्नचिन्ह होतं. डॉक्टरांना शंका होती. गावानं ठराव लिहिताना ती शंका काढून टाकली आणि त्या जागी माझ्या बापाचं नाव घातलं.

मी काट्यांमधून दोरी सोडून पाण्याच्या बाटल्या भरल्या. तेवढ्यात शेजारचे निवृत्ती काका काठी टेकत आले. त्यांच्याकडं बघून मला आधी हसू आलं. काकांच्या भरघोस मिश्या सगळ्या वस्तीत प्रसिद्ध होत्या. आता ओठावर चार केस उरले होते, आणि टोपी काढली तर डोक्यावरही ठिकठिकाणी टक्कल.

"काका, हे काय झालं?"

"काय म्हाईत. हात फिरवला की हातात येऊन राहिले."

"जुलाब झाले होते का?"

त्यांनी इकडंतिकडं बघितलं. "लई झाले. कुनाला सांगितलं न्हाई."

"काका, तुम्ही काय खाल्लं होतं?"

म्हातारा लाजला. शेवटी सांगितलं, की सुनेच्या डब्यातलं गोड चूर्ण ते रोज दुधात घालून चोरून खात होते. सून बाळंतीण होती. गावात शिबिर झालं होतं, तिथं सगळ्या बाळंतिणींना ते फुकट वाटलं होतं.

केस गळणं ऐकल्यावर माझ्या मनात काहीतरी हललं. साध्या गॅस्ट्रोनं पंधरा दिवसांनी केस गळत नाहीत. आणि पाणी तर सगळं गाव पीत होतं, आम्हीही पीत होतो. मग आजारी फक्त बाळंतिणी आणि चोरून खाणारा एक म्हातारा का?

दुपारी मागच्या दारानं एक बाई आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, कडेवर लेकरू. सरपंचांची सून, उमादेवी. ती आमच्या घरात याआधी कधी आली नव्हती. उंबऱ्याच्या आत येऊन तिनं पदर मागं घेतला. डोक्याची मधली सगळी बाजू उघडी पडली होती.

"पंचशीलाताई, तुमी दवाईचं शिकता म्हनं. हे पान्यानं व्हतंय का?"

"नाही."

"मला पन वाटलं न्हाई." तिनं पदराखालून एक निळा डबा काढला. 'जननीबल चूर्ण. शुद्ध शतावरी. मातेसाठी, बाळासाठी.' लातूरच्या एका कारखान्याचा पत्ता होता. "शिवगंगा लई इमानदारीनं घेत व्हती. दोन येळा, मोठा चमचा भरून. माझ्या तोंडाला चव लागत नव्हती, मी अर्धाच घ्यायचे."

"शिबिर कुणी घेतलं होतं?"

"आमच्या मामंजींनी. फोटो काढले, हार घातले. कारखान्याचा मालक त्यांच्या वळखीचा हाय." तिनं लेकरू दुसऱ्या कडेवर घेतलं. "त्यांला सांगितलं मी. म्हनले, चूर्णाचं नाव काढू नको, पानीच व्हतं ते."

मी डबा घेतला. निवृत्ती काकांच्या सुनेकडचाही घेतला.

परतीच्या वाटेवर उदगीरच्या नाक्यावर बस दोन तास अडकली. नव्या जिल्ह्यासाठी रास्ता रोको होता. ज्या भागात प्यायला पाणी नव्हतं तिथं टायर जाळून घोषणा चालल्या होत्या, जिल्हा झाला की सगळं येईल, दवाखाना येईल, प्रयोगशाळा येईल. माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "आधी टँकर तरी येऊ द्या म्हनावं." मी मांडीवरच्या डब्यातला वितळत चाललेला बर्फ बघत बसले होते.

पाण्याच्या तीन बाटल्या मी सरकारी पाणी तपासणीला दिल्या. अहवाल आठ दिवसांनी आला: पिण्यास योग्य. तोवर चूर्णाचं काम मी माझ्या वेळात केलं. चूर्ण मिथेनॉलमध्ये भिजवलं, गाळलं, यंत्राला दिलं. तुलनेसाठी नांदेडच्या दुकानातून त्याच चूर्णाचा जुन्या तारखेचा एक डबा आणला आणि विहिरीच्या पाण्याचाही नमुना लावला. पाण्यात काही नव्हतं. जुन्या डब्यात शतावरीचं जे असावं ते होतं. गावातल्या दोन्ही डब्यांत पडद्यावर एक उंच रेघ उभी राहिली. वजन चारशे पूर्णांक सतरा शतांश.

हे वजन मला तोंडपाठ होतं. माझ्या प्रबंधातलं तिसरं प्रकरणच कळलावीवर होतं. पावसाळ्यात जंगलात जिला पिवळी-लाल, ज्वाळेसारखी फुलं येतात ती वेल. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचं अल्कलॉइड असतं. ते पेशींची वाढ थांबवतं. आधी आतडी सोलून काढतं, मग रक्तातल्या पेशी मारतं, आणि माणूस वाचलाच तर दोन-तीन आठवड्यांनी केस गळतात.

पण वजन जुळलं म्हणून माणूस तोच, असं म्हणता येत नाही. वनस्पतिशास्त्र विभागात कांद्याच्या मुळांवरच्या प्रयोगासाठी शुद्ध कोल्चिसिनची बाटली असते. त्यातलं कणभर मागून आणलं आणि यंत्राला दिलं. वजनाआधी अर्क ज्या नळीतून जातो तिच्यातून तेही त्याच मिनिटाला बाहेर आलं. फोडल्यावर त्याचेही तेच तुकडे पडले, तीनशे अठ्ठावन्न, तीनशे दहा. मी तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा तेच. रेघेच्या उंचीवरून हिशेब केला, तर शतावरीच्या नावाखाली त्या डब्यात जवळजवळ तिसरा हिस्सा कळलावी दळलेली होती. बाळंतिणीच्या हातात दिलेल्या डब्यात.

मी आलेख छापून माझ्या मार्गदर्शक कुसुम मॅडमांच्या टेबलावर ठेवले. मॅडम हुशार बाई. हे यंत्र विभागात आणण्यासाठी त्यांनी चार वर्षं खेटे घातले होते. त्यांनी कागद शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला.

"हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "पण पंचशीला, हा कायद्यानं नमुना नाही. डबा उघडा होता. आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याची तू मुलगी. कोर्टात पाच मिनिटं टिकणार नाही."

"मग कायदेशीर नमुना घ्यायला सांगू या. विभागाच्या पत्रावर लिहू या."

त्यांनी कागद नीट लावले. "त्या कारखान्याचे मालक रामकिशनजी आपल्या संस्थेच्या कार्यकारिणीवर आहेत, तुला माहीत आहे. आपण संशोधक आहोत, पोलिस नाही. याचा चांगला पेपर होईल. शतावरीतली भेसळ ओळखण्याची पद्धत. गावाचं नाव, कंपनीचं नाव घ्यायची गरज नाही. तुझं नाव पहिलं टाकू."

"मॅडम, पेपरमध्ये शिवगंगाला काय म्हणायचं? नमुना क्रमांक एक?"

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"एक बाई मेली. दहा बायांचे केस गळालेत. माझा बाप काट्यांकडं बघत बसलाय. आणि आपल्याला सगळं माहीत असून आपण पद्धत लिहायची?"

"आवाज कमी कर."

"आमचा आवाज कमी होता म्हणूनच सही झाली, मॅडम."

मी बाहेर आले. मॅडमांना कंपनीकडून काही मिळत होतं असं नाही. त्यांना भांडण नको होतं, एवढंच. त्याचाच मला जास्त संताप आला.

तीन दिवसांनी रामकिशनजी स्वतः विभागात आले. कोणी सांगितलं कुणास ठाऊक. पांढरे कपडे, मृदू बोलणं. मला 'बेटा' म्हणाले.

"बेटा, तुमच्या गावाचं वाईट वाटलं. विहिरीजवळ पाणी शुद्ध करायचं मोठं यंत्र बसवून देतो. वडिलांच्या नावाची पाटी लावू. चूर्णाचं म्हणाल तर आमची चूक नाही. इस्लापूरकडच्या जंगलातल्या अडाणी बायका मुळं खणून आणतात. त्यांना शतावरी कुठली, कळलावी कुठली, काय कळतंय?"

इस्लापूरला मी दोन वर्षं नमुने गोळा करायला जात होते. तिथल्या सरजाबाईनं मला कळलावी शिकवली होती. खणताना हाताला चिंधी बांधायला लावायची, आणि म्हणायची, "हे बैलानं खाल्लं तरी बैल जातो, बाई. याचं पोतं येगळं, त्याच्यावर लाल दोरा." कळलावीचे कंद परदेशात औषधं करायला जातात. त्यामुळं व्यापारी दोन्ही मुळं घेतात, पण वेगवेगळी. त्या वर्षी दुष्काळात शतावरी फारशी मिळालीच नव्हती, हेही तिनंच सांगितलं होतं.

"बायका लाल दोरा बांधून देतात," मी म्हणाले. "तो तुमच्या गोदामात सुटला. शतावरी कमी पडली म्हणून सुटला. आधी माझा बाप, आता सरजाबाई. तुमच्या कारखान्यात मुळं तपासायला एकही माणूस नाही का? चूक खाली ढकलत ढकलत तुम्ही कुठपर्यंत नेणार आहात?"

त्यांचा चेहरा बदलला नाही. ते मॅडमांकडं वळून म्हणाले, "मुलगी भावुक आहे." आणि गेले.

ते गेल्यावर मॅडमांनी माझे आलेख मागवले, प्रत्येक पानावर यंत्राचा क्रमांक लिहिला, तारीख घातली आणि सही केली. "एवढंच मी करू शकते. पुढं मला यात ओढू नकोस," त्या म्हणाल्या. मी कागद घेतले. आभार मानायचं जिभेवर आलं नाही. पुढच्या महिन्यापासून यंत्राच्या वेळापत्रकात माझं नाव नव्हतं. ते कुणी काढलं हे मला आजही माहीत नाही.

लातूरच्या औषध निरीक्षक बाईंनी कागद वाचले आणि मॅडमांनी सांगितलं तेच सांगितलं. चूर्ण ज्यांनी खाल्लं त्यांची तक्रार हवी, आणि बंद डबे हवेत. शिबिरातले डबे तर गावात संपले होते.

मी उमादेवीला फोन केला. ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, बंद डबे हायेत. आमच्याच घरी, कपाटावर. शिबिरातून उरलेले पाच. मामंजींनी कुनाला देऊ नका म्हनून ठेवलेत."

म्हणजे त्यांना माहीत होतं. निदान संशय होता. तरी ते भोंग्यावर ठराव वाचत होते.

दोन दिवसांनी उमादेवी लेकराला कडेवर घेऊन एकटी लातूरला आली. घरी आईकडं जाते म्हणून सांगितलं होतं. निरीक्षक बाईंसमोर तिनं पदर मागं घेऊन डोकं दाखवलं आणि तक्रारीवर सही केली. सही करायच्या आधी तक्रार मला दोनदा वाचायला लावली. "यात शिवगंगाचं नाव टाका. तिला बोलता येत न्हाई आता," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी सरपंचांच्या घरात पंचनामा झाला. कपाटावरचे पाचही डबे मोहोर लावून जप्त झाले. उमादेवीला त्या दिवशी घरात काय ऐकावं लागलं ते तिनं मला कधी सांगितलं नाही. महिनाभर ती माहेरी होती.

सरकारी प्रयोगशाळेचा अहवाल मे महिन्याच्या अखेरीस आला. त्यातही तेच अल्कलॉइड होतं. चूर्णाचा तो सगळा साठा परत मागवला गेला, कारखान्याचा परवाना तीन महिन्यांसाठी स्थगित झाला आणि गुन्हा दाखल झाला. पेपरमध्ये आतल्या पानावर चार ओळी आल्या. तोवर लातूर शहराला रेल्वेनं पाणी येऊ लागलं होतं, आणि पहिली पानं सगळी त्यातच गेली होती.

आमच्या विहिरीवरच्या काट्या मात्र तशाच होत्या. अहवाल आला हे गावाला कळलं होतं. लोक विहिरीकडं बघत टँकरच्या रांगेत उभे राहत होते, पण काट्या काढायला कुणी पुढं येत नव्हतं. काढल्या तर टाकल्या कुणी, हे बोलावं लागलं असतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभा झाली. मी अहवाल वाचला. गुरुबसप्पा खुर्चीवर बसून होते. म्हणाले, "बरं झालं, खरं काय ते कळलं. आमाला बी फसवलं त्या लोकानं. आता झालं गेलं विसरून जावं. विषय बंद करू."

मी बोलणार तेवढ्यात बाबा उठले. ग्रामसभेत बोलायला बाबा उठलेले मी पहिल्यांदा बघत होते.

"अप्पा," ते म्हणाले, "मी सही केली तवा भ्यालो व्हतो. माझी चूक तेवढी. इहिरीची काय चूक व्हती? तुमी विषय बंद करा म्हनता. माझा विषय भोंग्यावर उघडला व्हता. भोंग्यावरच बंद करा. जुना ठराव रद्द झाला म्हनून वाचा. माझ्या नावानं वाचा."

"केरबा, आता येवढं ताणू नको."

"अप्पा, मी तुमाला अप्पा म्हनतो. तुमी माझ्याहून दोन वरसानं लहान हाव."

बाबांचा आवाज वाढला नव्हता, पण खाली बसायला ते तयार नव्हते. ते उभेच राहिले. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी ग्रामसेवकानं नवा ठराव लिहिला आणि शेजारच्या देवळावरच्या भोंग्यावरून भरभर वाचला. नावापाशी आवाज गिळला.

बायांच्या घोळक्यातून उमादेवी म्हणाली, "नाव ऐकू आलं न्हाई."

ती माहेराहून आदल्या दिवशीच परत आली होती. डोक्यावर पदर नव्हता. नवे केस बोटभर वाढले होते. सरपंचांनी तिच्याकडं बघितलं, तिनंही बघितलं. ग्रामसेवकानं पुन्हा वाचलं. या वेळी 'केरबा' हे नाव तळ्याच्या बांधापर्यंत गेलं असेल.

संध्याकाळी सरपंचांचा मुलगा आणि आणखी चौघंजण कुऱ्हाडी घेऊन आले आणि काट्या काढल्या. माफीचा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. तासाभरात घागरी आल्या. तेव्हा आई विहिरीच्या वाटेवर उभी राहिली. "आज न्हाई. उद्या या," ती म्हणाली.

बाबा म्हणाले, "जाऊ दे ना."

"तुमी सही केली तवा मला इचारलं व्हतं का? एक दिस माझा हाय," आई म्हणाली. त्या दिवशी गाव रिकाम्या घागरी घेऊन परत गेलं. दुसऱ्या दिवशी पाणी सगळ्यांना मिळालं.

कारखाना पुढं दुसऱ्या नावानं सुरू झाला. खटला चालू आहे. मी साक्षीला जाते, वकील दर वेळी विचारतो की मी केरबाची मुलगी ना, आणि पुढची तारीख पडते. माझा प्रबंध एक वर्ष लांबला. मी दुसऱ्या शहरातल्या यंत्रावर उरलेले नमुने चालवले.

त्या वर्षी दिवाळीनंतर एक बाई मला शोधत नांदेडला आली. निलंग्याकडची होती, मराठीत कानडी मिसळून बोलत होती. शिवगंगाची आई. नातवंड तिच्याजवळच वाढत होतं. मी तिला प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर बसवलं, चहा दिला. तिनं तो प्याला नाही.

"किती दिस खाल्लं तिनं?" तिनं विचारलं.

"चार."

"मीच फोनवर सांगिटले. घे म्हणून. दूध येतंय म्हणून घे."

"तुमची चूक नाही," मी म्हणाले. तिनं पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. गावात अजून लोक म्हणतात पोरगी पाण्यानं गेली. कशानं गेली ते साध्या मराठीत लिहून दे, ती म्हणाली. नात मोठी झाली की विचारेल, तेव्हा दाखवायला.

मी लिहिलं. शिवगंगा चूर्ण खाऊन गेली. चूर्णात शतावरीबरोबर कळलावीचा कंद दळलेला होता. त्यातल्या विषाचं नाव मी लिहिलं, तपासणीची तारीख लिहिली, खाली माझी सही केली आणि कागद वाचून दाखवला.

तिनं नीट ऐकलं. मग बोट त्या ओळीवर ठेवलं.

"मुळाचं नाव लिवलीस. मूळ आपल्या पायानं डब्यात गेलं का? माणसाचं लिव."

खटला चालू होता. असं लिहून देणं धोक्याचं आहे हे मला माहीत होतं. मी पेन पुन्हा उघडलं. कारखान्याचं नाव लिहिलं, मालक रामकिशन यांचं लिहिलं, ज्यांनी ते चूर्ण गावात वाटलं आणि नंतर उरलेले डबे कपाटावर लपवले त्या गुरुबसप्पांचं लिहिलं. तिनं प्रत्येक नाव माझ्यामागून एकदा म्हणून घेतलं. मग कागदाची घडी केली आणि बस चुकेल म्हणून लगबगीनं निघाली.